आवाज वाढवू नका, हॉल गप्प करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सप्टेंबर आला की ठाण्यात आणि नवी मुंबईत सोसायट्यांच्या वार्षिक सभांची घाई सुरू होते. सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायला हवी असा सहकार कायदा आहे, त्यामुळे शेवटच्या दोन-तीन रविवारी आम्हा माईकवाल्यांना जेवायलाही फुरसत नसते. मी कोपरखैरण्याचा. वडील माथाडी, मसाला मार्केटला होते. मी पोती उचलायच्या ऐवजी स्पीकर उचलायला लागलो एवढाच फरक. कर्णा आणि आहुजाचा अ‍ॅम्प्लिफायर यावर सुरुवात केली, आता डिजिटल मिक्सर आहे. बारशापासून तेराव्यापर्यंत आणि ऐरोलीपासून घोडबंदर रोडपर्यंत सगळीकडे माझा टेम्पो जातो, म्हणून हे पत्र लिहायचा थोडासा अधिकार मला आहे असं समजतो.

सोसायटीच्या सभेत जी भांडणं होतात त्यातली निम्मी पार्किंगवरून होतात आणि उरलेली निम्मी एकमेकांचं ऐकू न आल्यामुळे. सेक्रेटरी पुढे उभा राहून 'सिंकिंग फंड' म्हणतो, मागच्या रांगेला 'पार्किंग फंड' ऐकू येतं, आणि मग 'हा फंड कोणाला विचारून काढला?' म्हणून जो गोंधळ सुरू होतो तो चहा येईपर्यंत थांबत नाही. या गोंधळात कोणीतरी हमखास माझ्याकडे वळतो आणि ओरडतो, "ओ माईकवाले, आवाज वाढवा!"

साहेब, माझं सगळं म्हणणं या एका वाक्याबद्दल आहे. आवाज कमी नसतोच. तिथे आवाज गरजेपेक्षा जास्त असतो, आणि तो मरत नसतो.

आपले नवे हॉल आठवून बघा. क्लबहाऊस असो, समाजमंदिर असो नाहीतर एसी बँक्वेट असो. खाली चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स, भिंतींना पुट्टी मारून गुळगुळीत रंग, वर स्लॅब, बाजूला ॲल्युमिनियमच्या सरकत्या काचा, बसायला प्लास्टिकच्या खुर्च्या. पुसायला सोपं, फोटोत छान. पण यातली एकही वस्तू आवाज गिळत नाही. रंगवलेल्या भिंतीवर आपटलेल्या आवाजातला शेकड्याला दोन-तीन भाग आवाज भिंत घेते, बाकीचा जसाच्या तसा परत फेकते. तो समोरच्या भिंतीवर जातो, तिथून छतावर, छतावरून टाइल्सवर. बोलणारा पुढच्या वाक्यावर पोचला तरी मागचं वाक्य हॉलमध्ये फिरतच असतं. आमच्या भाषेत आम्ही म्हणतो, हॉल घुमतो.

घुमतात ते जास्त करून स्वर. आ, ओ, ऊ यांत ताकद असते, ते रेंगाळतात. स, त, फ, क ही व्यंजनं नाजूक, क्षणात येतात आणि जातात, आणि बोलण्याचा अर्थ बहुतेक त्यांच्यावरच उभा असतो. मागच्या शब्दाचा 'आऽऽ' पुढच्या शब्दाच्या 'त'वर बसला की 'त' मेला. आता मी आवाज वाढवला तर काय होईल? 'त' वाढेल, पण त्याच्यावर बसलेला 'आऽऽ'सुद्धा तेवढाच वाढेल. दोघांमधलं अंतर होतं तेवढंच राहतं. फक्त पुढच्या रांगेतल्यांचे कान दुखायला लागतात आणि माईक शिट्टी मारायला लागतो.

एका ज्येष्ठ नागरिकांच्या कार्यक्रमात हे मी अगदी जवळून पाहिलं. मिक्सरच्या शेजारच्या खुर्चीत एक आजी बसल्या होत्या. पाहुण्यांचं भाषण रंगात आलं होतं. आजींनी कानातलं मशीन काढलं, पदराने पुसलं, छोट्या स्टीलच्या डबीत ठेवलं, डबीचं झाकण दाबून बंद केलं आणि डबी पर्समध्ये टाकली. मला वाटलं बॅटरी संपली. विचारलं, "आजी, मशीन बिघडलं का?" म्हणाल्या, "नाही रे बाळा. ते लावलं की सगळं ऐकू येतं आणि काही कळत नाही." वय झालं की बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी ऐकू येईनासे होतात, म्हणजे नेमकी ती व्यंजनं. कानातलं मशीन समोरचं बोलणं मोठं करतं तसं घुमणंही मोठं करतं. ज्यांच्यासाठी आपण 'विरंगुळा केंद्र' नावाचे हॉल बांधतो, त्यांनाच त्या हॉलमध्ये काही कळत नाही. कार्यक्रम संपल्यावर संयोजकांनी मला सांगितलं, पुढच्या वेळी मोठे टॉप (मोठे स्पीकर) आणा.

हॉल चांगला की वाईट हे ओळखायला इंजिनीअर लागत नाही. रिकाम्या हॉलच्या मधोमध उभं राहा, पंखे बंद करा आणि एकच टाळी जोरात वाजवा. टाळी चट्कन संपली तर हॉल बोलण्याच्या लायकीचा. पण 'टाऽऽऽ' करत ती तुमच्या डोक्यावर फिरत राहिली आणि तुम्ही सावकाश एक, दोन, तीन मोजू शकलात, तर त्या हॉलला कितीही महागडी साऊंड सिस्टीम घेतली तरी पैसे पाण्यात. काही हॉलमध्ये टाळीनंतर बारीक 'टर्रर्र' असा आवाज येतो. तो दोन समोरासमोरच्या गुळगुळीत भिंतींमधला खेळ, आवाज त्यांच्यात चेंडूसारखा टप्पे खात राहतो. ही टाळी मी बुकिंगच्या आधी वाजवतो. हॉलचा मॅनेजर माझ्याकडे विचित्र नजरेने बघतो, बघू दे.

याचं शास्त्र काही नवं नाही, सव्वाशे वर्षांहून जुनं आहे. १८९५ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात फॉग म्युझियमचं नवं व्याख्यानगृह बांधलं आणि तिथे प्राध्यापकांचं बोलणंच कळेना. एक शब्द उच्चारला की तो विरायला साडेपाच सेकंद. वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाला सांगितलं, बघ काय करता येतं ते. हा गडी रात्री, गाव झोपल्यावर, जवळच्या सँडर्स थिएटरातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचा, या हॉलमध्ये मांडायचा, ऑर्गनची एक नळी वाजवायचा आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजायचा. आणखी गाद्या, आणखी मोजणी. सकाळ व्हायच्या आत गाद्या परत जागेवर. ऐकायचं यंत्र त्याच्याकडे नव्हतं, कानच. यातून त्याने जे सूत्र काढलं ते आजही जगभर वापरतात. बोस्टनचा सिम्फनी हॉल १९०० साली उघडला, तो त्याच्या सल्ल्याने बांधला गेला, आणि तो आजही जगातल्या उत्तम हॉलमध्ये गणला जातो.

सूत्र इतकं सोपं आहे की मी ते मिक्सरच्या पेटीच्या झाकणावर मार्करने लिहून ठेवलंय. हॉलचं घनफळ घनफुटांत काढा, त्याला ०.०४९ ने गुणा आणि हॉलमध्ये आवाज गिळणारं जे काही आहे त्याने भागा. उत्तर सेकंदांत येतं. आवाज बंद केल्यावर तो दहा लाखाव्या भागाइतका उरायला लागणारा हा वेळ. गिळण्याचं माप सॅबिनने उघड्या खिडकीवरून घेतलं होतं: एक चौरस फूट उघडी खिडकी म्हणजे एक. तिथून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून.

आपल्याकडचा एक मध्यम हॉल घेऊ. ६० फूट लांब, ४० रुंद, २० उंच. घनफळ ४८ हजार घनफूट. जमीन, छत आणि भिंती मिळून ८,८०० चौरस फूट. सगळं गुळगुळीत. दारं, काचा, खुर्च्या वगैरे धरून सरासरी शेकडा ५ गिळतो म्हणू, म्हणजे ४४० चौरस फूट उघडी खिडकी. भागाकार केला की सव्वापाच सेकंदांच्या पुढे. सॅबिनच्या हातात हार्वर्डने जो हॉल दिला होता, जवळजवळ तोच आपण क्लबहाऊस म्हणून बांधतोय. बोलण्यासाठी हा आकडा एक-सव्वा सेकंदाच्या आसपास हवा, फार तर दीड.

आता यात माणसं बसवा. कपड्यातला एक माणूस साधारण साडेचार चौरस फूट उघड्या खिडकीइतका आवाज गिळतो. २०० माणसं आली की हॉल पावणेदोन सेकंदांवर येतो, चालून जातं. पण सभेला ६० आली (आणि सोसायटीच्या सभेला तेवढीच येतात, कोरमसाठी फोन करून बोलवावी लागतात) तर सव्वातीन सेकंद. म्हणून ट्रस्टी मंडळी मला सांगतात, "अहो, लग्नात तर मस्त आवाज होता, तुमचंच काहीतरी चुकतंय." लग्नात वऱ्हाड होतं, पैठण्या आणि शेरवान्या होत्या. आज समोर साठ टी-शर्ट आणि दीडशे रिकाम्या प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत.

याच हॉलच्या छताला चांगल्या प्रतीची ध्वनिशोषक पॅनेलं हजार चौरस फूट लावली, म्हणजे छताचा अर्धा भागही नाही, तर साठ माणसांतही घुमणं दीड सेकंदावर येतं. भरल्या हॉलमध्ये एक सेकंदाच्या जरा वर. वर्गणी काढून नवे स्पीकर घ्यायच्या आधी हा हिशोब कमिटीने एकदा कागदावर करावा, एवढंच माझं मागणं आहे.

आपल्याकडे पूर्वी हा प्रश्न एवढा नव्हता, त्याचंही कारण आहे. वाड्याच्या दिवाणखान्यात लाकडी तक्तपोशी, खाली जाजम, त्यावर गाद्या, लोड, तक्के, दाराला जाड पडदे. गाण्याच्या बैठकीला माईक नसायचा आणि मागच्या माणसालाही गायकाची बारीक हरकत कळायची. शाळेच्या हॉलमध्येसुद्धा मुलं सतरंजीवर बसायची, वर कौलं असायची, फटी असायच्या. तेव्हा कोणी 'अकॉस्टिक ट्रीटमेंट' असा शब्द उच्चारला नसेल, पण गाद्या आवाज गिळत होत्या. आता धूळ नको म्हणून जाजम गेलं, वाळवी नको म्हणून लाकूड गेलं, आणि त्याच्या जागी काही आलं नाही. त्या गाद्यांचं काम कोणीतरी करायला हवं ना.

आता लावायचं काय. बाजारात बरंच मिळतं. लाकडाचे लांब तंतू सिमेंटमध्ये दाबून केलेले वुडवूल बोर्ड, जाड पॉलिस्टर फेल्टची पॅनेलं, भोकं पाडलेल्या पट्ट्यांच्या मागे दगडी लोकर किंवा ग्लासवूल, फॉल्स सीलिंगच्या मिनरल फायबर टाइल्स. आमच्या दमट हवेत आणि पावसाळ्यात कार्पेट चिकटवू नका, पहिल्या श्रावणातच वास मारायला लागतं, आणि पातळ कार्पेट आवाज गिळतंही कमी. ग्लासवूल उघडं ठेवायचं नाही, कापडात बांधलेलंच घ्यायचं. जाडी दोन इंचाच्या खाली नको. पॅनेल थेट स्लॅबला ठोकण्यापेक्षा अर्धा-एक फूट खाली टांगलं तर त्याच पैशात जास्त काम करतं, कारण आवाज दोन्ही बाजूंनी आत शिरतो आणि मागची हवाही कामाला लागते.

भिंतीचं म्हणाल तर स्टेजच्या समोरची, म्हणजे पाठीमागची भिंत आधी धरा. साठ फुटी हॉलमध्ये स्टेजवरून निघालेला आवाज मागच्या भिंतीवर आपटून वक्त्याच्या कानावर परत यायला साधारण एक दशांश सेकंद लागतो. स्वतःचंच बोलणं एवढ्या उशिराने कानावर आलं की माणूस अडखळतो. चांगले चांगले वक्ते 'अं... अं...' करायला लागतात, त्यात त्यांचा दोष नसतो. (काहींचा असतो.)

एक उदाहरण द्यायलाच हवं. एका हॉलमध्ये छताला भोकांच्या टाइल्स होत्या, म्हणजे बांधणाऱ्याने विचार केला होता. सुरुवातीला तिथे आवाज फार छान यायचा. मग रंगकामाचं कंत्राट निघालं आणि कंत्राटदाराने टाइल्सवरही रोलर फिरवला. पुढच्या वेळी पुन्हा. शिडीवर चढून स्पीकरची वायर टाकताना मी बघितलं, भोकं रंगाने बुजून गेली होती, बोटाने चाचपलं तर सपाट. पॅनेल जाग्यावर आहे, दिसायला पांढरंशुभ्र आहे आणि काम शून्य. ध्वनिशोषक वस्तूला रंग लावायचा नसतो, झटकायचं किंवा व्हॅक्यूम मारायचं. हे कंत्राटात एका ओळीत लिहिलं असतं तर तो हॉल वाचला असता.

दुसरी गोष्ट आगीची, आणि ही मी हात जोडून सांगतो. अंड्यांचे ट्रे, थर्मोकोल, गादीचा फोम हे प्रकार मोबाईलवर बघून कोणीतरी लावतं. अंड्याचा ट्रे म्हणजे पातळ पुठ्ठा, तो आवाज काय गिळणार? थर्मोकोलची भोकं बंद असतात, आवाज त्यात शिरतच नाही. फोम थोडा गिळतो, पण पेटतो कसा ते विचारू नका. २००३ साली अमेरिकेत र्‍होड आयलंडमधल्या 'द स्टेशन' क्लबमध्ये स्टेजवरच्या शोभेच्या दारूने भिंतीचा फोम पेटला, १०० माणसं गेली. २०१३ साली ब्राझीलच्या सांता मारियातल्या 'किस' क्लबमध्ये छताच्या फोमने पेट घेतला, २४२ गेली. दोन्ही ठिकाणी फोम आवाजासाठी लावला होता. आणि आपल्या लग्नांत नवरा-नवरीच्या एन्ट्रीला बंद हॉलमध्ये ठिणग्यांची कारंजी उडवतात! माल घेताना आगीच्या चाचणीचा दाखला मागा. दुकानदार कुरकुरला तर दुसरं दुकान बघा.

'साऊंडप्रूफ' या शब्दानेही बराच गोंधळ होतो. हॉल घुमू नये म्हणून लावलेली पॅनेलं शेजाऱ्याकडे जाणारा आवाज अडवत नाहीत. तो अडवायला वजन लागतं: जाड भिंत, दुहेरी काच, फटी नसलेलं दार. ही दोन वेगळी कामं आहेत आणि त्यांचे पैसेही वेगळे. पण दोघांचा संबंध आहे, तो असा. हॉल घुमतो म्हणून कळत नाही, कळत नाही म्हणून आवाज वाढवतात, उकडतं म्हणून खिडक्या उघडतात आणि समोरच्या बिल्डिंगमधून शंभर नंबरला फोन जातो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद, फक्त बंद सभागृहात आतल्या आत वापरायला सूट. खिडक्या उघड्या ठेवून 'आमचा हॉल बंद आहे' असं पोलिसांना सांगणारे पदाधिकारी मी पाहिलेत. हॉल घुमायचा थांबला तर स्पीकर निम्म्यावर चालतो. मग खिडक्या उघड्या असल्या तरी शेजाऱ्याला निदान झोप लागते.

जेवणावळीचं वेगळंच. बुफेच्या हॉलमध्ये तर माईकही नसतो, तरी बाहेर आल्यावर घसा बसलेला असतो. स्टीलची ताटं, वाट्या, चमचे, त्यात तीनशे माणसं. मागे आवाज असला की माणूस नकळत स्वतःचा आवाज चढवतो, हे लोंबार्ड नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १९११ साली लिहून ठेवलंय. एका टेबलाने चढवला की शेजारचं टेबल चढवतं, मग सगळा हॉल. छताला पॅनेल असलं की ही चढाओढ सुरूच होत नाही. केटररला विचारा, शांत हॉलमध्ये वाढप्यांनाही ओरडावं लागत नाही.

पत्र्याच्या शेडखाली भरणारे हॉल, शाळांचे, जिमखान्यांचे, त्यांचं दुखणं पावसाळ्यात दुप्पट होतं. सर आली की वक्ता थांबतो. तिथे नुसती पॅनेलं टांगून भागत नाही, कारण पत्राच थरथरत असतो. पत्र्याला खालून चिकटून लोकरीचा थर आणि त्याखाली जड बोर्ड लागतो. ते काम बांधतानाच करावं, नंतर खर्चिक पडतं.

आमच्या धंद्यातल्या मंडळींनाही दोन शब्द. मिक्सरवर 'इको' नावाचं बटण असतं. ते गाणाऱ्यासाठी आहे. भाषणाला, सूत्रसंचालनाला, श्रद्धांजलीला ते पूर्ण बंद हवं. पण बरेच जण कार्यक्रम सुरू झाल्यापासून संपेपर्यंत ते अर्ध्यावर ठेवतात, आवाज 'भारी' वाटतो म्हणून. आधीच घुमणाऱ्या हॉलमध्ये आपण वरून आणखी घुमवायचं! स्टेजच्या दोन बाजूंना डोंगराएवढे टॉप उभे करून सगळ्या हॉलवर मारा करण्यापेक्षा चार-सहा लहान कॉलम (उभे, सडपातळ स्पीकर) भिंतींच्या कडेने, श्रोत्यांच्या जवळ, डोक्यांकडे थोडे झुकवून लावा आणि आवाज कमी ठेवा. माणसं आवाज गिळतात, भिंत परत फेकते, म्हणून कॉलमचं तोंड माणसांकडे हवं. मागच्या कॉलमना डिले द्या, म्हणजे त्यांचा आवाज जरा उशिरा सोडा. आवाज सेकंदाला साधारण ११०० फूट जातो, म्हणजे चाळीस फुटांवरच्या कॉलमला पस्तीस-छत्तीस मिलिसेकंद. तेवढं दिलं की आवाज स्टेजवरून आल्यासारखाच वाटतो. आणि वक्त्याला सांगा, माईक तोंडापासून चार बोटांवर धरा. पोटाशी धरून बोलणाऱ्या पुढाऱ्याला हे सांगायचं धाडस आम्हा माईकवाल्यांत नसतं, म्हणून इथे लिहितो.

एका दिवसाच्या कार्यक्रमाला हॉल फोडून पॅनेलं लावता येत नाहीत, तेव्हा मी मंडपवाल्याशी संगनमत करतो. त्याच्या गोडाऊनमध्ये जाड मखमली पडदे असतात. ते मागच्या भिंतीपासून वीतभर पुढे, भरपूर चुण्या घालून टांगायचे. ताणून लावला तर तोच पडदा अर्धं काम करतो. सॅटिनच्या झालरी शोभेच्या, त्यांचा उपयोग नाही. पुढे लहान मुलांसाठी गाद्या आणि जाजम घालायचं. खुर्च्या जास्त मांडायच्या नाहीत, लोकांना पुढे ओढून बसवायचं. एवढ्यानेही फरक पडतो, टाळी वाजवून बघा. ढोल-ताशा आणि डीजेच्या धमधमाटाला मात्र या सगळ्याचा उपयोग नाही. तो खालच्या पट्टीचा आवाज, त्याची एकेक लाट दहा-अकरा फुटांची, दोन इंचाच्या पॅनेलला ती दाद देत नाही.

शेवटी महापालिकांकडे येतो. ठाणे आणि नवी मुंबई, दोन्हीकडे चांगला आवाज म्हणजे काय हे माहीत नाही असं नाही. १९७८ पासून गडकरी रंगायतन आहे, घाणेकर नाट्यगृह आहे, वाशीला भावे नाट्यगृह आहे. नाटकासाठी बांधताना आपल्याला आवाजाचं भान असतं. पण प्रभागातलं बहुउद्देशीय सभागृह बांधायचं म्हटलं की अंदाजपत्रकात फरशी येते, ग्रॅनाइट येतं, कोनशिला येते, झुंबरही येतं, फक्त आवाजाची ओळ येत नाही. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ च्या आठव्या भागात ध्वनीचं स्वतंत्र प्रकरण आहे. सभागृहांच्या ध्वनिरचनेसाठी आयएस २५२६ हे भारतीय मानक तर १९६३ पासून आहे. म्हणजे नियम नव्याने करायचे नाहीत, निविदेत त्यांचा उल्लेख करायचा आणि ताबा घेण्याआधी मोजायचं. लिफ्ट तपासल्याशिवाय आपण ताबा घेत नाही. हॉलचं घुमणं मोजायला एक फुगा फोडायचा आणि मोजणाऱ्याकडे यंत्र असलं पाहिजे, अर्ध्या तासाचं काम. आकडा दीड सेकंदाच्या वर गेला तर कंत्राटदाराचं शेवटचं बिल थांबवा. उद्घाटनाची तारीख त्यासाठी पुढे गेली तर जाऊ दे.

आणि सोसायट्यांसाठी: सभेची नोटीस १४ दिवस आधी काढायची असते, म्हणजे अजून वेळ आहे. त्यात 'नवीन साऊंड सिस्टीम खरेदी' असा विषय असेल तर तो खोडून 'क्लबहाऊसच्या छतास ध्वनिशोषक पॅनेल बसविणे' असा करा. माझ्या धंद्याला याने थोडी खोट बसेल, कारण मग मोठे टॉप भाड्याने कोणी मागणार नाही. चालेल, टेम्पोत चढवायला ते फार जड आहेत.

आपला,
एक माईकवाला,
कोपरखैरणे, नवी मुंबई
(नाव छापू नये, या पत्रातली निम्मी मंडळी माझी गिऱ्हाइकं आहेत.)

ता. क.: पॅनेलला पैसे नसतील तर निदान खुर्च्यांच्या पायांना रबरी बूट घाला. टाइल्सवर लोखंडी खुर्ची ओढल्याचा आवाज माईकमध्ये भाषणापेक्षा स्पष्ट येतो. हार्डवेअरच्या दुकानात डझनावर मिळतात, मात्र पायाचं माप घेऊन जा, सैल बसले तर पहिल्याच कार्यक्रमात निघून पडतात.